२७ हंगामांनंतर आयोवाचा कोच बदलावा का?

तुझा प्रश्न आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू आयोवा सिटीत पीएचडी करतेस, शनिवारी मैत्रिणींबरोबर किनिक स्टेडियमवर जायला लागलीस आणि आता त्यांच्यासारखीच चिडायलाही लागलीस. "मावशी, कर्क फेरेंट्झ १९९९ पासून इथे आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच आहेत. वयाने सत्तरी गाठली. पगार वर्षाला ७० लाख डॉलर. दर वर्षी आठ-नऊ सामने जिंकतात आणि मोठा सामना आला की हरतात. राष्ट्रीय विजेतेपद एकदाही नाही. मग त्यांना बदलत का नाहीत? बदलावं का?"

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. त्यातली ११ वर्षं मी क्रीडा विभागात प्राध्यापकांची प्रतिनिधी होते. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या प्रत्येक सदस्य विद्यापीठात असा एक प्राध्यापक नेमलेला असतो. खेळाडूंचा अभ्यास, त्यांची पात्रता, नियम पाळले जातात की नाही, यावर त्याने नजर ठेवायची असते. त्यामुळे कोच नेमताना आणि काढताना बंद दाराआड काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. माझं उत्तर असं: मैदानावरच्या निकालांसाठी फेरेंट्झना काढू नये. ते कधी आणि कसे जाणार हे मात्र विद्यापीठाने आत्ताच ठरवायला हवं. आणि त्यांना काढायचा गंभीर विचार व्हावा अशी एक वेळ खरोखर आली होती, पण तिचा धावफलकाशी काही संबंध नव्हता.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. हा कोल्हापूर-गोव्यातला फुटबॉल नव्हे. हा लांबट चेंडूचा, अंगावर धावून जाण्याचा अमेरिकन फुटबॉल. कॉलेजचा आहे म्हणून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. किनिकवर ६९ हजारांच्या वर माणसं बसतात, आणि आयोवा सिटीची वस्ती आहे ७५ हजारांच्या आसपास. या राज्यात सर्वांत मोठा सरकारी पगार गव्हर्नरला नाही, या कोचला मिळतो. २०१७ पासून इथे रिवाज पडला आहे की पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळतं आणि वरच्या खिडक्यांतल्या पोरांना हात करतं. मी पाहुणी म्हणून गेले होते, विरुद्ध संघाच्या बाजूला बसले होते, आणि डोळे भरून आले होते.

आपल्याकडे तालमीचा वस्ताद कुणी 'बदलत' नाही. तो थकला की पट्टशिष्य आखाड्यात उतरतो, वस्ताद कट्ट्यावर बसून बघतो. इथे कोच हा करारावरचा माणूस. तरीही लोकांचं त्याच्याशी नातं जडतं ते वस्तादासारखंच, आणि सगळी ओढाताण तिथूनच सुरू होते.

आता १९९८ मध्ये जाऊ. हेडन फ्राय २० हंगामांनंतर निवृत्त झाले. शेवटच्या वर्षी संघ ३–८, म्हणजे तीन विजय आणि आठ पराभव. लोकांना हवे होते बॉब स्टूप्स, आयोवाचेच जुने खेळाडू, तेव्हाचं सगळ्यांत गाजणारं नाव. स्टूप्स ओक्लाहोमाला गेले आणि आयोवाने ४३ वर्षांच्या फेरेंट्झना आणलं. फ्राय यांच्या हाताखाली त्यांनी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे आक्रमणातली पुढची अडवणारी फळी, घडवली होती. पुढे मेन विद्यापीठात तीन वर्षं हेड कोच म्हणून काढली, पण तिथेही नाव गाजलं नव्हतं. पहिला हंगाम १–१०. दुसरा ३–९. आणि नेमकं त्याच २००० साली स्टूप्सच्या ओक्लाहोमाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. त्या हिवाळ्यात आयोवातल्या कॅफेंमध्ये काय बोललं जात असेल याची कल्पना कर. आजच्या घाईने मोजलं असतं तर फेरेंट्झ तेव्हाच गेले असते. तेव्हाचे क्रीडा संचालक बॉब बोल्सबी थांबले. २००१ मध्ये ७–५, २००२ मध्ये ११–२ आणि बिग टेन या आपल्या लीगमध्ये एकही हार नाही.

थांबणं म्हणजे आळस असा आरोप नेहमी होतो. व्हर्जिनिया टेकचे फ्रँक बीमर १९८७ मध्ये आले आणि सहाव्या वर्षी त्यांचा संघ २–८–१ होता (शेवटचा आकडा बरोबरीचा). त्यांना ठेवलं. १९९३ पासून ते २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांचा संघ दर वर्षी, सलग २३ वेळा, बोल सामन्यात, म्हणजे चांगल्या खेळलेल्या संघांना हंगामाअखेर मिळणाऱ्या मानाच्या सामन्यात, खेळला.

आणि ज्यांनी थांबणं नाकारलं त्यांचं उदाहरण तुझ्या शेजारीच आहे. नेब्रास्का. १९७० ते १९९७ मध्ये पाच राष्ट्रीय विजेतेपदं. टॉम ऑस्बर्न यांच्यानंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच कोच झाले. सहा वर्षांत ५८ विजय, १९ पराभव. २००१ च्या हंगामात तर ते विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोचले होते. २००३ मध्ये संघ ९–३ असताना त्यांना काढलं. कारण काय, तर नऊ विजय नेब्रास्काला शोभत नाहीत. पुढच्याच वर्षी संघ ५–६, म्हणजे १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, आणि सलग ३५ वर्षं चालत आलेली बोल सामन्यांची मालिका तुटली. मग सोलिचच्या जागी आलेले बिल कॅलाहानही गेले. बो पेलिनी आले. त्यांनी दर वर्षी निदान नऊ सामने जिंकले, आणि त्यांनाही नऊ पुरत नाहीत म्हणून काढलं. मग माइक रायली १९–१९, मग घरचाच मुलगा स्कॉट फ्रॉस्ट १६–३१. सोलिच मात्र ओहायो विद्यापीठात गेले, २००५ ते २०२१ राहिले आणि तिथे ११५ सामने जिंकले. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आयोवा-नेब्रास्का सामना असतो. लाल जर्सीतले म्हातारे चाहते पाहिलेस तर त्यांना विचार, नऊ विजय किती वाटतात.

टेनेसीचं तसंच. फिलिप फुल्मर यांनी १९९८ चं विजेतेपद आणलं, १५२ सामने जिंकले. २००८ मध्ये हंगाम बिघडला आणि त्यांना जायला लावलं. पुढच्या १२ वर्षांत चार कोच झाले. पहिला एका वर्षात सोडून गेला आणि शेवटचा नियमभंगाच्या चौकशीत गेला. मधल्या काळात क्रीडा विभाग सावरायला संचालक म्हणून परत कुणाला बोलावलं? फुल्मरनाच.

पण मी तुला एकच बाजू दाखवली तर ती लबाडी होईल. जॉर्जियाने २०१५ मध्ये मार्क रिक्ट यांना काढलं. १५ वर्षं, १४५ विजय, आणि शेवटचा हंगाम ९–३, अगदी सोलिचसारखा. त्यांच्या जागी कर्बी स्मार्ट आले आणि २०२१ व २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं आली. मग फरक कुठे होता? जॉर्जिया राज्यात हायस्कूलची उत्तम पोरं इतकी आहेत की शेजारची विद्यापीठं तिथून माणसं नेतात. भरती आधीच पहिल्या दर्जाची होती. आणि पुढचा माणूस ठाऊक होता: स्मार्ट तिथलेच जुने खेळाडू, अलाबामात नामवंत कोच निक सेबनच्या हाताखाली तयार झालेले. दरवाजा उघडण्याआधी पाहुणा उंबऱ्यावर उभा होता.

आयोवाकडे हे नाही. राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या घरात, म्हणजे पुणे शहरापेक्षा कमी. इथे तयार खेळाडू मिळत नाही, घडवावा लागतो. डॅलस क्लार्क शिष्यवृत्तीशिवाय आला होता आणि बचावात लाइनबॅकर म्हणून खेळायचा. त्याला आक्रमणात टाइट एंड (अडवणारा आणि चेंडूही झेलणारा) केलं, आणि त्या जागेवरचा देशातला सर्वोत्तम म्हणून पारितोषिक घेऊन तो गेला. जॉर्ज किटलला मोठ्या विद्यापीठांनी फारसं विचारलं नव्हतं. पुढे हॉकनसन, फँट, लपोर्टा, हेही इथेच घडलेले टाइट एंड. अशी परंपरा एका माणसाच्या डोळ्यात आणि सवयीत असते, ती करारपत्रात लिहून पुढच्याला देता येत नाही. म्हणून मी आठ-नऊ विजयांकडे 'फक्त' म्हणून बघत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये फेरेंट्झ वुडी हेज यांच्या २०५ विजयांच्या पुढे गेले. संघ बिग टेनमध्ये असताना एवढे सामने कुठल्याच कोचने जिंकलेले नाहीत. आणि हेज यांचं विद्यापीठ होतं ओहायो स्टेट, जिथे खेळाडूंची खाणच आहे.

आता माझ्या विषयावर येते. संघ अगदी वाईट खेळला की कोच जातो. पण अगदी वाईट वर्षात दुर्दैवाचाही वाटा असतो: दुखापती, एका फील्ड गोलने (खांबांमधून लाथाडलेल्या चेंडूच्या तीन गुणांनी) गेलेले सामने, कठीण वेळापत्रक. पुढच्या वर्षी ते दुर्दैव आपोआप थोडं ओसरतं आणि श्रेय नव्या कोचला मिळतं. हे तपासायचं तर तितकेच वाईट खेळलेले, पण कोच न बदललेले संघ शेजारी ठेवून पाहावे लागतात. कोलोरॅडोतल्या राज्यशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९७ ते २०१० च्या हंगामांवर नेमकं हेच केलं. जे संघ फारच वाईट होते तिथे कोच बदलून फारसा फरक पडला नाही. जे मधले होते, साधारण निम्मे सामने जिंकणारे, ते कोच बदलल्यावर पुढची काही वर्षं तशाच इतर संघांपेक्षा खाली राहिले. मी हा निबंध वाचला तेव्हा उशीर झाला होता.

कारण त्याआधी आमच्याकडेही एक कोच गेला. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. १४ वर्षं होता. संचालकांनी मला आकडे मागितले. मी शेवटच्या चार वर्षांची विजयांची टक्केवारी आधीच्या दहा वर्षांशेजारी ठेवून एक आलेख काढून दिला. आलेख खोटा नव्हता. पण त्या चार वर्षांत लीगची रचना बदलून आमचं वेळापत्रक किती अवघड झालं होतं ते मी त्यात घातलं नाही, कारण मला ते कुणी विचारलं नाही. बैठकीत तो आलेख पडद्यावर लावला गेला आणि विषय संपला. ती चूक माझी आहे आणि अजून सलते. रविवारी दुपारी बातमी आली. सोमवारी माझ्या दारात १९ वर्षांचा एक पोरगा उभा होता. ज्याने त्याच्या आईला शब्द देऊन त्याला इथे आणलं होतं तोच माणूस उरला नव्हता. सेमिस्टरची परीक्षा तीन आठवड्यांवर. सहायक कोचांच्या घरात शाळकरी मुलं, भाड्याची घरं, आणि डिसेंबर. नवा कोच तीन वर्षं टिकला.

यावर तुझ्या मैत्रिणी इंडियानाचं नाव घेतील, आणि घेतलंच पाहिजे. २०२३ मध्ये तो संघ ३–९ होता. कर्ट सिग्नेटी आले आणि पुढच्याच वर्षी ११–२, थेट राष्ट्रीय विजेतेपदासाठीचं प्लेऑफ. बदल करून इतकं होऊ शकतं हे मान्य. पण इंडियानाने गमावण्यासारखं फार काही पणाला लावलं नव्हतं. आणि सिग्नेटी नेमले गेले तेव्हा ६२ वर्षांचे होते, तेव्हा 'वय झालं' हा मुद्दा बाजूला ठेव. आयोवाला जास्त जवळचं उदाहरण विस्कॉन्सिनचं. २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्यांनी पॉल क्रिस्ट यांना काढलं, ६७ विजय आणि २६ पराभव असताना. दोन वर्षांनी सलग २२ हंगामांची त्यांची बोल मालिका तुटली. बदललेल्या संघांत इंडिया­नासारखी कहाणी क्वचित दिसते, विस्कॉन्सिनसारखी जास्त वेळा.

मग फेरेंट्झचं काही चुकलंच नाही का? चुकलं, आणि त्यातलं एक सगळ्या देशाने पाहिलं. त्यांचा मुलगा ब्रायन २०१७ पासून आक्रमणाचा कोऑर्डिनेटर होता. बाप-लेक एकाच विभागात चालणार नाहीत या नियमातून वाट काढायला मुलाचा वरिष्ठ कागदोपत्री क्रीडा संचालक दाखवला होता. २०२२ चा पहिला सामना आयोवाने ७–३ ने जिंकला, तोही एका फील्ड गोलवर आणि बचावाने मिळवलेल्या दोन सेफ्टींवर (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच टोकात अडवल्याचे दोन-दोन गुण). त्या वर्षी एकूण यार्डांत १३१ संघांत १३० वा क्रमांक. मग कराराला एक विचित्र कलम जोडलं: सामन्याला सरासरी २५ गुण आणि सात विजय, नाहीतर नोकरी जाणार. २०२३ मध्ये सरासरी १५.४ भरली. एवढं असूनही फिल पार्कर यांच्या बचावफळीवर आणि टोरी टेलर या ऑस्ट्रेलियन पंटरच्या (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटणाऱ्याच्या) पायावर तो संघ दहा सामने जिंकला! शेवटी हंगाम चालू असतानाच तेव्हाच्या हंगामी संचालक बेथ गोएट्झ यांनी जाहीर केलं की ब्रायन पुढच्या वर्षी नसतील. हा निर्णय बापाने घ्यायला हवा होता, दोन वर्षं आधी. त्याने तो घेतला नाही. पोराच्या बाबतीत माणसाची नजर अधू होते हे मी समजू शकते, पण त्या मैदानावर धडपडणारे, चेंडू फेकणारे क्वार्टरबॅकही कुणाचे तरी पोर होते.

तरी नीट बघ, दुखणं कुठे होतं. बचाव उत्तम, चेंडू लाथाडण्याच्या वेळी उतरणाऱ्या स्पेशल टीम्स उत्तम, पोरं घडत होती. बिघाड एका खुर्चीत होता. ती खुर्ची बदलली, टिम लेस्टर आले, आणि २०२४ मध्ये केलेब जॉन्सनने १,५३७ यार्ड धावत काढले. एका खुर्चीच्या दुखण्यासाठी घर पाडायचं नसतं.

आता सुरुवातीला म्हटलेली ती काढायचा विचार करण्याची वेळ. जून २०२०. एकामागून एक माजी कृष्णवर्णीय खेळाडू बोलू लागले: इथे केस, कपडे, बोलणं, चालणं सगळं एका साच्यात बसवावं लागतं, आणि तो साचा गोऱ्यांचा आहे. वजन-व्यायामाचा प्रमुख कोच महिन्याच्या आत सुमारे ११ लाख डॉलर घेऊन गेला. बाहेरून नेमलेल्या वकिलांच्या चौकशीने सांगितलं की कार्यक्रमाच्या नियमांनीच वांशिक पक्षपाताला खतपाणी घातलं होतं. २०२३ मध्ये खेळाडूंच्या दाव्यात ४१ लाख ७५ हजार डॉलरची तडजोड झाली. त्यातले २० लाख करदात्यांच्या पैशातून गेले.

मी तेव्हा निर्णय घेणाऱ्यांत असते तर फेरेंट्झना समोर बसवून विचारलं असतं: २० वर्षांहून जास्त काळ हे घर तुमचं आहे, तुमच्या खालच्या खोलीत काय चाललंय ते तुम्हाला कळलं कसं नाही? इतकी वर्षं एका जागी बसलेल्या माणसाचा खरा धोका हाच असतो. त्याला 'नाही' म्हणणारं कुणी उरत नाही, आणि वरचा संचालकही त्याच्या सावलीत काम करायला लागतो. त्या वेळी काढण्याचा निर्णय झाला असता तर मी विरोध केला नसता. त्यांनी नियम बदलले, माजी खेळाडूंची सल्लागार समिती केली, जाहीर माफी मागितली. विद्यापीठाने ते पुरेसं मानलं. माझ्या मते संचालकांनी मात्र तेव्हाच जायला हवं होतं. पण बघ, चाहत्यांचा सगळ्यात मोठा आरडाओरडा त्या उन्हाळ्यात झाला नाही. तो झाला गुणांची सरासरी घसरल्यावर.

पैशांचं थोडक्यात. कोचला मुदतीआधी काढलं की उरलेल्या कराराची भरपाई द्यावी लागते. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांच्यासाठी साधारण ७ कोटी ६० लाख डॉलर मान्य केले. २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा आहे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. फेरेंट्झचा करार २०२९ च्या हंगामापर्यंत आहे, म्हणजे मुदतीआधी काढलं तर भरपाई त्यांनाही. त्यातच आता खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, मोकळेपणाने जाऊ शकतात. कोच बदलला की त्यांच्यासाठी खास मुदत उघडते. घडवून तयार केलेली तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पोरं हेच आयोवाचं भांडवल, आणि घाईने केलेल्या बदलात ते काही आठवड्यांत रिकामं होतं.

म्हणून मी संचालकांना आज काय सांगेन? फेरेंट्झबरोबर बसा आणि शेवटचा हंगाम ठरवा. तारीख कागदावर येऊ द्या. उत्तराधिकारी आधी जाहीर करण्यात धोका असतो हे खरं. टेक्ससने मॅक ब्राउन यांच्यानंतरचा म्हणून विल मस्चॅम्पना नाव देऊन ठेवलं, आणि २०१० मध्ये ते फ्लोरिडाला गेले. म्हणजे वाट अनेक वर्षांची नको, एका हंगामाची हवी. नमुना पाहायला लांब जायला नको. २००५ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनच्या बॅरी अल्व्हारेझ यांनी सांगितलं की हा माझा शेवटचा हंगाम, पुढे ब्रेट बिलेमा. ते स्वतः क्रीडा संचालक म्हणून थांबले. बिलेमा तरुण होते, चुकले, शिकले, सात वर्षांत ६८ सामने जिंकले. भरतीला आलेल्या पोरांच्या आयांना पुढचा माणूस कोण ते आधीच ठाऊक होतं. आणि हे बिलेमा घडले कुठे? आयोवा विद्यापीठात. फ्राय यांच्या संघात खेळले, आणि फेरेंट्झच्या हाताखाली २००१ पर्यंत कोच होते.

तुझ्या मैत्रिणींना चिडायचंच असेल तर कोचवर चिडू नका. क्रीडा संचालकांच्या कार्यालयाला पत्र लिहा. त्यात दोनच गोष्टी विचारा: पुढचा माणूस शोधायचं काम सुरू झालंय का, आणि २०२० नंतर खेळाडू कोचला न घाबरता तक्रार कुठे करू शकतात. सरकारी विद्यापीठ आहे, विचारायला कचरू नका. उत्तर आलं तर मला पाठव, मी बसून वाचेन.